वेलार कंपनीची स्प्रिंग

या सातारा जिल्ह्यात मला उघडता येणार नाही असं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही! हे मी आमच्या गावच्या पारावर सांगितलंय, कोरेगावच्या बाजारात सांगितलंय आणि ज्याला खोटं वाटतं त्याच्या तोंडावरही सांगितलंय. पाण्याचं इंजिन असो, पिठाची गिरणी असो, नाहीतर सरपंचाचा रेडिओ. या आकारामच्या हातात पान्हा आला की समोरचं यंत्र भीतीनंच सुटं व्हायला लागतं! परत जोडताना एखादा नट उरतो, ती गोष्ट वेगळी. उरलेला नट म्हणजे कंपनीनं उगीच जादा घातलेला नट, असं माझं स्वच्छ मत आहे आणि ते मी कुणाच्या बापाला भिऊन बदलणार नाही.

नाथाजीमामांचं पिस्तूल मी उघडायला घेतलं ते याच जोरावर.

नाथाजीमामा माझ्या आईचे सख्खे भाऊ. मराठा पलटणीतले सुभेदार. महायुद्धात इटलीला असताना त्यांनी एका जखमी कॅप्टनाला पाठीवर घेऊन नदी ओलांडली. त्या कॅप्टनानं जाताना आपलं खाजगी पिस्तूल त्यांच्या हातावर ठेवलं. रीतसर लायसन असलेलं. आणि केवढं? एवढंसं! मुठीत धरलं तर नळीचं तोंड तेवढं बाहेर डोकावणार. काळं, तुळतुळीत, नुकत्याच जन्मलेल्या रेडकासारखं. गोळी सुटली की वरचा पोलादी पत्रा आपोआप मागं येणार, रिकामं काडतूस बाहेर फेकणार, नवं आत ओढणार आणि पुन्हा जाग्यावर जाणार. माणसानं फक्त चाप ओढायचा, बाकीचा सगळा संसार पिस्तूलच बघणार! अंगावर बारीक अक्षरात कोरलेलं: वेलार, बेल्जम.

या वेलार कंपनीवर मामांची जी श्रद्धा, ती आमच्या गावात कुणाची ग्रामदैवतावरही नसेल.

"आक्या, ह्यो वेलारसायेब आदी सायकलीच्या साखळ्या करायचा," मामा सांगायचे. "खिशात थोरलं पिस्तूल घालून हिंडायचा. कोटाचा खिसा फाटायचा. बायकू शिवायची, त्यो फाडायचा. येक दिस ती म्हनली, आता एक तर पिस्तूल ल्हान करा, न्हाईतर खिसा तुमचा तुमी शिवा! गडी कारखान्यात जाऊन बसला त्यो खिशात मावंल असं पिस्तूल घिऊनच भाईर आला!"

"हे तुमाला कुणी सांगितलं?"

"कॅप्टनसायबानं."

"आवं, पण त्यो तर जखमी व्हता न्हवं?"

"मग? जखमी मानूस खोटं बोलतोय व्हय रं!"

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली राहीमामी म्हणायची, "आन त्या बाईचं नाव न्हाई कुटं कोरलं त्यावर! खिसं शिवून बोटं तिचीच फुटली आसतील."

यावर मामा मिशीत हसायचे आणि पिस्तूल पुसायला घ्यायचे.

तर अशा या माणसाच्या अंगावरनं एका दिवाळीत वारं गेलं. तोंड सावरलं, पाय सावरला, पण उजवा हात गेला. मूठ जी मिटली ती मिटलीच. साताऱ्याचा डॉक्टर म्हणाला, "हाताची फार आशा धरू नका." हे तो कागदावर काहीतरी खरडता खरडता बोलला! मान वर करून मामीच्या तोंडाकडं बघायला त्याला सवड नव्हती. अशा माणसानं गुरांचा डॉक्टर व्हावं. नको, गुरांनी तरी त्याचं काय वाकडं केलंय!

पण एक अजब होतं. रोज सकाळी मामा ओसरीवर धोतराचा तुकडा पसरून पिस्तूल घेऊन बसले की, ती मिटलेली मूठ हळूहळू उमलायची. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट. ही तिघं कामाला लागायची. पिस्तूल सुटायचं, पुसलं जायचं, जोडलं जायचं. करंगळी आणि तिच्या शेजारची तेवढी तळहाताला चिकटून बसलेली, रुसलेल्या जावांसारखी. ना भाकरी मोडायला हात चालायचा, ना तांब्या धरायला. फक्त पिस्तुलाला! आणि मामी उंबऱ्यात उभी राहून श्वास धरून बघायची. आज तीन बोटं उघडली, उद्या चौथं उघडेल, परवा पाचवं. तिचा सगळा देव त्या तळहातात बसला होता.

मग संक्रांतीच्या तोंडावर मामांच्या बोटांतनं पिस्तुलाचा पत्रा निसटायला लागला. आतली स्प्रिंग ताठ, बोटं लेचीपेची. दोन सकाळी निसटला. तिसऱ्या सकाळी मामांनी पिस्तूल उघडलंच नाही. नुसतं मांडीवर ठेवून बसले.

मामी मला गाठून म्हणाली, "आक्या, ती आतली स्प्रिंग जरा मऊ करून दे की रं. त्यांस्नी कळू न देता."

"मामी, स्प्रिंग म्हंजे माजा डाव्या हाताचा मळ!" मी म्हणालो.

काडतुसांची मला काळजी नव्हती. ती मामीच्या ट्रंकेत आणि किल्ली मामीच्या कमरेला. घरातली खरी सुभेदार तीच!

त्या दिवशी मामांचं गुऱ्हाळ लागलं होतं. काहिलीत, म्हणजे त्या हौदाएवढ्या कढईत, उसाच्या रसाचं आधण रटरटत होतं, गुळव्या जोतीराम लांब दांड्यानं रस ढवळत होता. मामा चुलवाणाच्या उबेला घोंगडी घेऊन बसले होते, बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. मी त्यांच्या कोटाच्या खिशातनं अलगद पिस्तूल काढलं आणि काहिलीच्या कडेला उजेडात बसलो. मॅगझिन काढलं. रिकामं. नळी बघितली. रिकामी. मग वरचा पत्रा मागं ओढला, जरा वर उचलला, आणि...

सटाक!

करंगळीहून बारीक ती स्प्रिंग, पण बेल्जममधनं इथवर आल्यापासून जणू याच क्षणाची वाट बघत होती! माझ्या कानाशेजारनं गेली एवढंच मला कळलं.

मामा दचकून जागे झाले. "काय वाजलं रं?"

"काय न्हाई मामा. चिपाड तडकलं चुलीत."

मामांनी माझ्या एका हातातला पत्रा बघितला. दुसऱ्या हातातली नळी बघितली. "चिपाड तडकलं व्हय? मग माजी स्प्रिंग कुटाय?"

त्यानंतर गुऱ्हाळावरच्या प्रत्येक माणसानं उसाच्या चिपाडांचा ढीग चिवडला. गडी चिवडत होते, बाया चिवडत होत्या, वाटेनं जाणारा धुळा धनगर शेरडं सोडून चिवडायला आला. त्याची शेरडं आमचा ऊस खाऊन गेली, पण स्प्रिंग घावली नाही. इकडं आधण उतरलं, गूळ निवायला वाफ्यात ओतला गेला, ढेपा पडल्या, ट्रकात चढल्या आणि सांगलीला अडत्याकडं गेल्या. कुणाचं लक्षही नाही!

मी हार मानणारा माणूस नव्हे. मी दुसरी स्प्रिंग बसवायला घेतली. स्टोव्हच्या पंपातली घातली, तर पत्रा बैलजोडी लावूनही हलेना. बालपेनातली घातली, तर पत्रा म्हाताऱ्याच्या दातासारखा लुकलुकायला लागला. मामांनी ते बघितलं मात्र!

"वेलारच्या पिस्तुलात बालपेनाची स्प्रिंग? आक्या, उद्या मला म्हशीचं काळीज बसवशील!"

आणि त्यांनी उजवा हात घोंगडीखाली घातला. दुसऱ्या दिवशी काढला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मामी म्हणाली, नुसतं मोकळं पिस्तूल तरी पुसा. मामांनी भिंतीकडं तोंड केलं. मूठ पुन्हा पहिल्यासारखी दगड झाली. मामी त्यांना घास भरवायची. एकदा घास भरवून ती परसात गेली आणि डोळ्याला पदर लावून उभी राहिली, ते मी पाहिलं. माझ्या हातातला पान्हा त्या दिवशी मला पहिल्यांदा जड वाटला.

अशात सकाळी सकाळी जोतीराम गुळव्या तंबाखू मागायला आला. तंबाखू मळत शांतपणे म्हणाला, "घावली का तुमची ती तार? न्हाई, त्या दिशी काहिलीत काय तरी डुबुक वाजलं व्हतं."

"काय!" मी ओरडलो. "मग बोलला का न्हाईस लेका?"

"मला कुटं कुणी इचारलं? समदी चिपाडाला इचारत व्हती!"

माणसाला गुळव्याचा खून करावासा वाटतो तो असा. पण हत्यारच मोडलेलं!

मी कोरेगावला पोस्टात पळालो आणि सांगलीच्या अडत्याला ट्रंककॉल लावला. रसूलभाई अडत्ये, मामांच्या बापापासून आमचा गूळ त्यांच्याकडं. फोनवर आवाज असा की दोघं दोन विहिरींच्या तळाशी बसलेत. म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "रसूलभाई! आमच्या ढेपा इकू नका! गुळात पिस्तूल हाय! पिस्तुलाचा भाग हाय!"

पोस्टात तिकिटं चिकटवणाऱ्या माणसाची जीभ बाहेरच राहिली.

लक्षात घ्या, ही आणीबाणीतली संक्रांत. चार माणसं एकत्र खोकली तरी सरकारला कट वाटायचा! माझं वाक्य माझ्याआधी सांगलीला पोचलं. आणि वाटेत बाळसं धरून पोचलं. कोरेगावात ते पिस्तुलाचा भाग होतं, किर्लोस्करवाडीला एक पिस्तूल झालं, सांगलीच्या स्टेशनात उतरलं तेव्हा साताऱ्याकडचे लोक गुळातनं हत्यारं पाठवतात, अशी पक्की बातमी झाली होती.

मी एकटाच जाणार होतो. पण मामा घोंगडी झटकून उठले. "माजं पिस्तूल हाय. मी येनार."

"तुमी आला की मी आलेच," मामी म्हणाली. आणि आम्ही तिघं पॅसेंजरनं निघालो.

रसूलभाईंच्या दुकानासमोर माणसांची ही गर्दी! हमाल लांब रस्त्यापलीकडं उभे. मधोमध आमच्या ढेपा गोल मांडलेल्या, भोवती पाण्यानं भरलेल्या बादल्या, आणि एक हवालदार ढेपांवर दंडुका रोखून उभा. जणू ढेपा पळून जाणार होत्या!

रसूलभाईंनी मला बघून कपाळावर हात मारला. "आकारामभाई, आग लागो तुमच्या जिभेला! वर्षाचा सण तोंडावर, आन माज्या दुकानात चिमूटभर गूळ मागायलाबी कोन येईना!"

हवालदार पुढं आला. "सुभेदार तुम्हीच काय? या गुळात किती पिस्तुलं आहेत? खरं बोला!"

मामांनी लायसन काढून समोर धरलं. "पिस्तूल माज्या खिशात हाय. गुळात नुसती स्प्रिंग हाय."

"कुठली कंपनी?"

झालं! हा प्रश्न मामांना विचारायचा नसतो! मामांनी हवालदाराला सायकलीच्या साखळीपासून धरलं. कोटाचा खिसा फाटला, बायको रुसली, कारखाना चालला, पिस्तूल लहान झालं. हवालदार घाम पुसत ऐकत राहिला. गर्दीतली माणसं खाली बसून ऐकायला लागली. लढाईनंतर कंपनी शिलाई मशिनं काढायला लागली इथवर कथा आली, तशी मामी म्हणाली, "बगा! शेवटी त्या बाईचंच खरं झालं."

"ते राहू द्या!" हवालदार भानावर आला. "माझ्यासमोर सगळ्या ढेपा फोडा. फुटताना काही उडणार तर नाही ना?"

"गूळ उडंल," मामा म्हणाले.

हमाल जवळ येईनात. मग मीच हातोडी घेतली. पहिला घाव घातला तो ढेपेवरनं घसरून बादलीवर बसला. दुसऱ्या घावाला गुळाचा खडा उडाला तो नेमका हवालदाराच्या नाकावर! हवालदार "गोळी! गोळी!" करत रसूलभाईंच्या गादीमागं आडवा झाला. अर्धी गर्दी पसार. तिसऱ्या घावाला हातोडीचा दांडाच माझ्या हातात फिरला.

"आरं सुक्काळीच्या!" मामा कडाडले. "सुतळीचा तोडा तरी तोडलास का जन्मात! आन हिकडं!"

आणि त्यांनी हातोडी माझ्या हातातनं हिसकली. बसकण मारली. ढेप पुढ्यात ओढली. ठण्! ठण्! दोन घावांत ढेपेचे चार तुकडे!

मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या पायावर मामीचा चिमटा बसला. ती ओठांवर बोट ठेवून बघत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हातोडी मामांच्या उजव्या हातात होती!

ज्या हातात तांब्या राहत नव्हता त्या हातात! मामांना त्याचा पत्ताच नव्हता. ते माझ्यावर इतके चिडलेले की हात आजारी आहे हे विसरूनच गेले होते. ठण्! "यंत्र उगडनारा आलाय मोटा!" ठण्! "पत्रा कसा धरावा कळना, म्हनं मेकॅनिक!" शिवीगणिक एक घाव. आयुष्यात मी पुष्कळांच्या शिव्या खाल्ल्या आणि प्रत्येकाला दुपटीनं परत केल्या. त्या दिवशी मात्र मनात म्हणत होतो, द्या मामा, आणखी द्या. आईवरनं द्या, बापावरनं द्या, पण थांबू नका!

मामी शेजारी बसून तुकडे चाचपत होती. तिसऱ्या ढेपेच्या एका खड्यात काहीतरी चकाकलं. गुळात रुतलेली, पिवळीधमक झालेली, वेलार कंपनीची स्प्रिंग! मी बघितली. रसूलभाईंनी बघितली. मामीनं तर बघितलीच. तिनं इकडंतिकडं पाहिलं, तो खडा उचलला आणि गुपचूप पदराखाली ओच्यात टाकला.

पुढची ढेप तिनं मामांच्या पुढ्यात सारली. "ह्यातबी न्हाई जनू. ही बगा बरं."

हवालदारानं गादीमागनं डोकं वर काढलं होतं. त्यानंही बघितलं असणार, कारण बोट रोखून तो म्हणाला, "अहो बाई, ती तर..."

रसूलभाईंनी मूठभर गूळ त्याच्या तोंडात कोंबला. "घ्या हवालदारसाब, आगाऊ संक्रांत! गोड बोला! न्हाई, बोलूच नका!"

मग बाजारात ज्याला कळलं त्यानं शेजाऱ्याला डोळ्यानं सांगितलं. हमाल रस्ता ओलांडून आले आणि एकेक ढेप मामांपुढं आणून ठेवू लागले. हवालदार तोंडातला गूळ चघळत दंडुका काखेत मारून बसला. फुटलेल्या गुळाला कुत्रं विचारत नाही हे रसूलभाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण आमच्या ढेपा संपत आल्या तशी त्यांनी हळूच दुसऱ्याची एक ढेप आत सरकवलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली!

शेवटी मामांनी हातोडी खाली ठेवली. कपाळाचा घाम पुसला. सगळीकडं गुळाचा डोंगर. मामीचे डोळे भरलेले, तोंड हसरं. अशी ती दिवाळीपासून कधी दिसली नव्हती.

मामा म्हणाले, "राहे, आन आता ती स्प्रिंग."

"कसली वो?"

"तिसऱ्या ढेपंपास्नं वट्यात घिऊन बसलीयास ती."

मामी लाजून लाल झाली. "मंग ठावं व्हतं तर फोडत कशापायी बसला?"

"तू हसाय लागली व्हतीस," मामा खाली बघत म्हणाले. "मग थांबवंना गड्या."

भर बाजारात, एवढ्या माणसांत, सुभेदारसाहेब बायकोला गड्या म्हणाले! रसूलभाई एकदम दुकानात काहीतरी शोधायला गेले. हवालदाराच्या डोळ्यांत गुळाचा कण गेला असावा, तो डोळे चोळत राहिला.

गरम पाणी आलं. मामांनी स्प्रिंग धुतली, फुंकली, धोतराला पुसली. पिस्तूल मांडीवर घेतलं. अंगठा, बोट, मधलं बोट. स्प्रिंग बसली. पत्रा बसला. मामांनी तो मागं ओढला, सोडला. खट्क!

आता इथं कुठल्याही शहाण्या माणसानं गप्प बसलं असतं. पण माझा स्वभाव! हाती घेतलेलं काम अर्धं सोडवत नाही. मी पुढं होऊन म्हणालो, "मामा, बसली झकास. पर जरा ताठच वाटतीया. द्या हिकडं, दोन मिंटांत मऊ करून देतो!"

मामांनी पिस्तूल डाव्या हातानं मामीकडं दिलं. "ये हिकडं आक्या. वाक जरा."

मी वाकलो.

फाडकन आवाज झाला आणि मला भर दुपारी चांदण्या दिसल्या. मामी धावली. मला वाटलं, भाच्याचा कळवळा आला! तिनं माझी हनुवटी धरून डावा गाल उजेडाकडं फिरवला आणि त्यावर बोट फिरवत मोजायला लागली.

"अंगठा... ह्यो दुसरा... तिसरा... ह्यो चवता... आगं बया! करंगळीबी उमाटलीया! आवं, पाची उगडली! पाचीच्या पाची!"

सगळा बाजार माझा गाल बघायला धावला. हमालांनी बघितला, हवालदारानं बघितला, रसूलभाईंनी तर चष्मा लावून बघितला. मामा आपल्या उघड्या तळहाताकडं बघत बसले होते, आणि मामी रडत रडत त्यांना म्हणत होती:

"आनिक येक द्या वो त्याला! म्या ह्या बाजूनं नीट बगितलंच न्हाई!"

बाकी कुणी असं म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं, सांगून ठेवतो! पण काय करणार? दुसरा गाल मी स्वतःच पुढं केला.